न्हाणीत भेटलेली डॉक्टरीण

अक्षर वाईट आहे माझं, आणि शुद्धलेखन अक्षरापेक्षाही वाईट. चौथीनंतर शाळा सुटली, पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. ज्याच्या हाती ही पानं लागतील त्याने ऱ्हस्व-दीर्घाची माफी आधीच करून टाकावी. खरं तर कोणाच्या हाती लागू नयेत असंच वाटतं. पण जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही. लिहून पाहिलं तर वाटेल, म्हणून बसले आहे.

मी मुळात बोलणारी नाही. बाजारात वांग्याचा भाव विचारायचा तर शेजारणीला कोपराने ढोसते, मग ती विचारते. हाताचं मात्र तसं नाही. हात माझे कधी लाजले नाहीत.

धाड या बाजारगावापासून आत आमचं गाव. इकडे बऱ्याच शेतांत जाळीचे शेडनेट आहेत, त्यात मिरचीचं बियाणं तयार होतं. काम बायकांचं. जी कळी उद्या फुलणार ती संध्याकाळी ओळखायची, चिमट्याने तिच्या पाकळ्या आणि आतले नराचे तंतू काढून घ्यायचे, मधली बारीक काडी तेवढी ठेवायची. सकाळी त्या काडीच्या टोकाला दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर लावायची आणि खूण म्हणून देठाला लोकरीचा धागा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. काडी मोडली की फूल गेलं. माझ्या हातून काडी मोडत नसे. त्या कामाची मजुरी माझ्या हातात पडायची. घरात माझे म्हणावे असे पैसे तेवढेच.

मागल्या हंगामात, दसरा होऊन गेल्यावर, सकाळी ओळीत वाकले होते. एकाएकी छाती धडधडायला लागली. वाटलं, उपाशी पोटी चहा घेतला म्हणून असेल. मग श्वास पुरेना. डोक्यावरची जाळी खाली खाली येते आहे असं वाटलं. आता मी मरते, इथेच मरते, हे मला उजेडासारखं स्पष्ट दिसलं. हातातली पावडरची वाटी उडाली. दाराचे दोन्ही पडदे ओढत मी बाहेर पळाले आणि शेताच्या धुऱ्यावर बसून डोलायला लागले. अंग थांबेना.

“अंगात आलं वं! बाईच्या अंगात आलं!” कोणीतरी ओरडली.

कुठून कोणाच्या पिशवीतून कुंकवाची डबी निघाली देव जाणे. कपाळभर कुंकू लागलं. एकीने पाय धरले. “माय, सांग वं, यंदा मिरचीले भाव काय लागन?” दुसरी म्हणाली, “भाव राहू दे. आई, माह्या पोरीचं जमन का या साली?”

आमच्या टोळीत एक मुसलमान बाई आहे, आम्ही सगळ्या तिला आपा म्हणतो. ती गर्दीत घुसून म्हणाली, “अरे, पहले पानी पिलाओ तिले! भाव बाद में पूछना. चेहरा पहा, कसा पांढरा पडला.”

मी मरते आहे, हे मला सांगायचं होतं. तोंडातून शब्द निघाला नाही. माझं गप्प राहणं आजवर कोणाच्या लक्षात येत नव्हतं. त्या दिवशी ते देवीचं गप्प राहणं झालं.

मग ते पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. शेडच्या दारात, बाजारात, शेवटी चुलीपुढेही. सुईत दोरा ओवता येईना. शेडात जाणं बंद झालं. धाडच्या दवाखान्यात मशीनवर छातीची पट्टी काढली, छाती चांगली निघाली. गॅस आहे म्हणाले. नवस झाले. एका दर्ग्यावरही नेऊन आणलं. तिथल्या पायरीवर बसून फार बरं वाटलं, घरी आले की पुन्हा तेच. मंगळवारी बायका दारात येऊन बसायला लागल्या. मालक, म्हणजे माझे घरधनी, वैतागायचे. “देवी येते त तिले काही वेळ-काळ असते ना,” ते म्हणायचे. “हिले त भाकर थापताना येते.”

माझी सून साखरखेर्ड्याकडची, बारावी शिकलेली. मुलगा गाडीवर ड्रायव्हर, महिना महिना बाहेर असतो. ती घरी ब्लाउज शिवते. मशीनवरून मान वर न करता ती मला पाहत होती, हे मला कळलं नव्हतं. आषाढात एका दुपारी तिने मशीन थांबवली आणि म्हणाली, “आत्याबाई, रागावू नका. तुम्हाले देवी येऊन नाही राह्यली. तुम्ही भेता.”

मी पदर तोंडाला लावून रडायला लागले. इतके महिने ज्याला नाव नव्हतं त्याला तिने एका शब्दात पकडलं होतं.

तिने फोनवर शोधून ठेवलं होतं. मनाचे डॉक्टर फोनवर दिसतात, बोलतात, गोळी लिहून देतात. मालकांना पटेना.

“फोनवरून नाडी कशी पाह्यते ते?”

“मामाजी, नाडी नाही पाह्यत. बोलते.”

“बोलायचे पैसे?”

“हाव.”

“मंग मीच बोलतो ना हिच्यासंगं. फुकट.”

सून पदर सावरत हळूच म्हणाली, “मंग बोला ना.”

ते ढोरांना पाणी दाखवायला उठून गेले.

पैसे सुनेने भरले, तिच्या शिलाईतून. फोनला बोट लावलं आणि पैसे गेले. नोट दिसली नाही, नाणं वाजलं नाही. सासूच्या औषधाला सुनेचे पैसे, असं आमच्यात कोणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, “पोरी, मी फेडीन. शेडात गेली का पहिले तुये पैसे.”

“आधी शेडात त जा,” ती म्हणाली.

आमच्या घरात नेट येतं ते मागच्या बाजूला, न्हाणीत. बाईला आतून कडी लावता येईल अशी जागाही तेवढीच. सुनेने बादली पालथी घातली, तिच्यावर फोन टेकवला, मला पाटावर बसवलं आणि स्वतः दाराला पाठ लावून बसली. मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

फोनमध्ये एक मुलगी आली. सुनेच्याच वयाची. तिच्या मागे खिडकी होती आणि खिडकीत पाऊस पडत होता. आमच्याकडे ऊन कडकडीत, न्हाणीचा पत्रा तापलेला. मी तो पाऊसच पाहत राहिले. कुठल्या गावचा पाऊस, आणि पडतो आहे माझ्या बादलीवर.

“नमस्कार ताई. कुठे बसलात तुम्ही?”

सून म्हणाली, “न्हाणीत.”

“छान. म्हणजे कोणी ऐकणार नाही. ताई, पदर जरा मागे घ्याल का? चेहरा दिसला तर मला बरं पडेल.”

माझा चेहरा नीट पाहायला म्हणून माणसं बसली होती ती लग्न ठरताना. तेव्हाही त्यांनी रंग पाहिला आणि चाल पाहिली. मी पदर मागे घेतला. ती पाहत राहिली आणि मग म्हणाली, “झोप नाही ना बरेच दिवस?”

तिला कसं कळलं? इतक्या लांबून, काचेतून?

मग तिने विचारलं, काय होतं ते सांगा. मी गप्प. मी गप्प राहिले की माणसं बोलणं संपलं असं समजतात आणि दुसरीकडे वळतात. ही वळली नाही. वाट पाहत राहिली. इतकी वाट पाहिली की नेट गेलं का म्हणून सुनेने फोन हलवून पाहिला. “नेट आहे,” डॉक्टरीण हसून म्हणाली, “ताईंना वेळ घेऊ द्या.”

आणि मी बोलले. लग्नापासून आजवर सगळ्यांशी मिळून जेवढं बोलले असेन, तेवढं त्या पालथ्या बादलीशी बोलले. मध्येच पलीकडून शेळी ओरडली. डॉक्टरीण म्हणाली, “तिचंही ऐकू आपण, आधी तुमचं.” मला हसू आलं, आणि किती दिवसांनी हसू आलं हे कळून पुन्हा रडू आलं.

मी विचारलं, “बाई, हे देवीचं हाये का?”

“ते मला नाही हो सांगता येणार,” ती म्हणाली. “मला छातीचं आणि भीतीचं कळतं, तेवढंच सांगते.” मग तिने सरळ विचारलं, “जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?”

हे असं, इतकं साधं, मला कोणी विचारू शकेल असं वाटलं नव्हतं. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. पण हो असतं तरी हिला सांगता आलं असतं, हे जाणवून अंगावर काटा आला.

तिने आजाराचं नाव इंग्रजीत सांगितलं, मग मराठीत. भीतीचा झटका. म्हणाली, “तुम्ही मरत नव्हता ताई. पण मरतोय असं वाटणं अगदी खरं होतं. पुष्कळांना होतं. यावर औषध आहे.”

मी झोपेची गोळी मागितली. ती नाही म्हणाली. तसली गोळी फोनवर लिहून देता येत नाही, नियम आहे, आणि तुम्हाला ती लागणारही नाही. दुसरी एक लिहिली. आधी अर्धी, मग पूर्ण, सकाळी जेवणानंतर. सुरुवातीला मळमळेल, उलट जास्त घाबरल्यासारखं होईल, आपल्या मनाने बंद करू नका. गुण यायला काही आठवडे लागतील.

फोन बंद झाला. न्हाणीत पुन्हा साबणाचा वास, मोरीचं पाणी. पण थोड्या वेळाने सून म्हणाली, “कागद आला, आत्याबाई,” आणि फोनवर माझं नाव, वय आणि खाली त्या मुलीची सही. माझ्या नावाचा कागद माझ्याआधी किती गावं फिरून आला होता!

धाडच्या बाजाराच्या दिवशी कागदाची छापील प्रत काढून आम्ही मेडिकलवर गेलो. दुकानदाराने कागद वाचला आणि गर्दीत मोठ्याने म्हणाला, “ही डोक्याची गोळी हाये. पेशंट कोण?”

चार माणसांनी माना वळवल्या. सून माझ्यापुढे झाली, काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होती. का कोण जाणे, मी तिच्या मागून म्हटलं, “मी हाये.” अगदी हळू. त्याने ऐकलं, मान हलवली आणि गोळ्या दिल्या.

घरी येऊन गोळी हातावर घेतली. मिरचीच्या बियापेक्षा थोडी मोठी. त्यातलीही अर्धी. सुनेने विळीवर तिचे दोन तुकडे केले, तर एक उडून पिठात पडला.

पुढचे दिवस वाईट गेले. भाकरीचा वास सहन होईना. मालक म्हणाले, “पैसे त गेलेच, आता जेवणही गेलं.” पण बाजारातून लिंबं आणून माझ्या उशाशी ठेवली. मी तीन वेळा गोळ्या फेकायला उठले. प्रत्येक वेळी ती खिडकी आठवली, आणि मी गप्प असताना न वळलेला तो चेहरा. फेकल्या नाहीत.

पोळ्याच्या आसपास एक सकाळ अशी आली की मी भाकर थापत होते आणि भूक लागली होती. बस, एवढंच. भूक. छातीकडे लक्षच नव्हतं. मी तव्यापुढे तशीच बसून राहिले आणि भाकर करपली. पुढच्या बाजारात मी भाजीवाल्याला विचारलं, “वांगे कसे दिले?” शेजारीण वांगी सोडून माझ्याकडेच पाहायला लागली.

मला तेव्हापासून एक कोडं पडलं आहे. ती गोळी कोणीतरी केली असेल. कुठल्या तरी खोलीत बसून कोणीतरी माझ्यासारख्या न पाहिलेल्या बाईच्या भीतीचं माप घेतलं असेल आणि ते बियाएवढ्या गोळीत बसवलं असेल. बियात झाड असतं, हे मला आयुष्यभर ठाऊक आहे, त्याचं नवल वाटत नाही. पण गोळीत भूक आणि झोप आणि भाजीचा भाव विचारण्याचं धाडस? मी देवाला हात जोडते तशी त्या पाकिटाकडे पाहायची. सून हसायची.

क्रॉसिंग सुरू झालं. पहिल्या दिवशी मी शेडच्या दारात उभी राहिले. आपा म्हणाली, “चल. मी मागंच हाये तुह्या.” आत गेले. जाळी वरच राहिली. कळी उघडली, तंतू काढले, काडी शाबूत. मी त्या काडीकडे पाहत राहिले, आपाने ढकललं तेव्हा पुढच्या झाडाकडे गेले.

मग नवरात्र आलं. बायका म्हणाल्या, “तुम्ही त यंदा घटी बसाच. तुमच्या अंगात येते.” मला नाही म्हणता आलं नाही. आमच्याकडे घटी बसलेली बाई नऊ दिवस अन्न खात नाही. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, एवढंच, आणि शेडातलं काम चालूच. आणि गोळी होती जेवणानंतरची. जेवण नाही, तर गोळी नाही. इतकं सरळ वाटलं मला ते, की कोणाला विचारायचं सुचलंच नाही. शिवाय घटापुढे बसले होते, तेवढे दिवस देवी सांभाळेल असं वाटलं.

चार-पाच दिवसांनी डोक्यात विजेचे बारीक झटके यायला लागले. चक्कर, रडू. अष्टमीला शेडात चिमटा घसरला आणि काडी मोडली. दुसरी मोडली. तिसरी. जाळी खाली यायला लागली. आणि मागे कुंकवाची डबी उघडल्याचा आवाज आला.

आपाने मला घरी आणलं. सुनेने डबा उघडून पाहिलं, गोळ्यांचं पाकीट भरलेलं.

“आत्याबाई, गोळ्या काऊन नाही घेतल्या?”

“जेवली कुठं मी?”

ती माझ्याकडे पाहत मटकन खाली बसली. हसावं की रडावं तिला कळेना. मग उठली आणि बादली पालथी घालायला न्हाणीत गेली.

मी फार शिव्या खाणार असं धरून चालले होते. इतके पैसे, इतकी मेहनत, आणि मी अडाणी. डॉक्टरिणीने सगळं ऐकलं, उपवासाला काय काय खाता ते विचारलं, आणि म्हणाली, “ताई, चूक माझी आहे. मी उपवासाचं विचारायला पाहिजे होतं. गोळी फराळानंतर घेतलेली चालते. आजच फराळ करा आणि अर्धीपासून पुन्हा सुरू करू. घट हलवायचा नाही, उपवास मोडायचा नाही.”

चूक माझी आहे. एवढी शिकलेली बाई, काचेपलीकडून, न्हाणीत पाटावर बसलेल्या बाईला म्हणते, चूक माझी आहे. माझ्या ओळखीच्या कोणत्याही साहेबाच्या, मास्तराच्या, डॉक्टरच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलेलं नाही. त्या दिवशी घटापुढे दिवा लावताना मी कोणाला हात जोडते आहे तेच मला कळेना.

दसऱ्यानंतर पुन्हा शेडात गेले. चिमटा दोनदा घसरला. एकीने डबी काढली. मी तिचा हात धरला. सगळ्या थांबल्या, कारण मी बोलणार आहे हे त्यांना दिसलं, आणि तसं कधी घडत नाही.

“कुंकू लाव, सवाशीण हाये मी,” मी म्हटलं. “पण भाव मले नको विचारू. मले भेव वाटते. त्याची गोळी चालू हाये.”

आपा म्हणाली, “मेरेकू मालूम था.” मग एक म्हणाली, “म्हणजे मिरचीचा भाव देवीनं सांगतलाच नाही?” आणि सगळ्या हसल्या, मीसुद्धा. पण दुपारी भाकरीचं फडकं सोडताना जिच्या हातात डबी होती तीच माझ्याजवळ सरकून बसली, आणि दुसरीकडे पाहत म्हणाली, “ते फोनवाली डॉक्टरीण... माह्या छातीतबी होते कधी कधी. मले देसान का नंबर?”

हात हळूहळू ठिकाणावर आला. त्या हंगामात माझ्या ओळीत काडी मोडली नाही असं म्हणणार नाही, मोडल्या. पण पावडर लावलेली फुलं धरली, धाग्यांच्या खाली मिरच्या लागल्या आणि वाढल्या. दर आठवड्याला मजुरी मिळाली की मी थोडे पैसे सुनेच्या मशीनवर ठेवायची. ती ते किराण्यात घालायची. मी म्हटलं, “घरात टाकले त्याले फेड नाही म्हणत, पोरी. तुये तुह्यापाशी ठेव.” ती म्हणायची, “तुम्ही कुठं परक्या हात?” मी म्हणायची, “परकी असती त आतापर्यंत फिटले असते.” मग मी तिच्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळून ठेवायला लागले, म्हणजे तिला ते हाती घ्यावेच लागत.

गोळी चालू आहे. वर्षभर तरी घ्यायची, मग हळूहळू कमी करू, असं डॉक्टरीण म्हणाली आहे. आता ती मी माझ्या पैशाने आणते आणि मेडिकलवाला कोण पेशंट म्हणून विचारत नाही.

शेवटची मिरची तोडून झाली तेव्हा मालकांनी विचारलं, “किती राह्यले सुनेचे?” मला नवल वाटलं, त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, “आज सरतात.” संध्याकाळी सून मशीनवर होती. मी तिचा हात धरला, तळवा उघडला आणि उरलेले पैसे त्यात ठेवले. तिने मोजले नाहीत. मी मोजायला लावले. तिने मोजले, नोटा कपाळाला लावल्या आणि पोलक्यात खोचल्या.

“फिटले ना?” मी विचारलं.

“फिटले, आत्याबाई,” ती म्हणाली. “पूर्ण.”